सांगितलं म्हणून कॉलेज बंद होणार नाही

गेल्या महिन्यात माझी भाची शिकायला दुसऱ्या शहरात गेली. तिची बॅग भरणं चाललं होतं तेव्हा मी तिथेच बसले होते. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात भावाने मिरपुडीच्या स्प्रेची बाटली ठेवली. वहिनीने किल्ल्यांच्या जुडग्याला शिट्टी अडकवली. ती कुठे आहे ते घरी दाखवणारं अ‍ॅप फोनमध्ये टाकून झालं. मग सूचना सुरू झाल्या. अंधार पडायच्या आत परत ये, आडरस्त्याने जाऊ नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस. ती सगळ्याला ‘हो’ म्हणत होती. मी ती बाटली हातात घेतली. सील तसंच होतं. झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं आणि फवारा किती लांब जातो, हे आम्हा चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

या सूचनांमागची माया मला कळते. मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहणार म्हटल्यावर आईबापांच्या पोटात गोळा येणारच. पण या सगळ्या तयारीत एकच माणूस गृहीत धरलेला असतो: अंधारात दबा धरून बसलेला, कधी न पाहिलेला. तसे हल्ले होतात, नाही असं नाही. मात्र मुलींवरच्या लैंगिक अत्याचारात करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. वर्गातला, वरच्या वर्षाचा, मैत्रिणीचा मित्र, शिकवणारा, नाहीतर ज्याच्याशी प्रेमाचं नातं जुळलंय तोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार, ज्या मुली कधी ना कधी नात्यात राहिल्या आहेत त्यांतल्या दर चौघींपैकी एकीने पंचविशीच्या आतबाहेर जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. जोडीदाराकडून. त्याच्यापुढे शिट्टी वाजवायची ती कधी आणि कशी, हे त्या बॅग भरण्यात कुठेच नव्हतं.

मी स्वतः कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा वरच्या वर्षाच्या एका मुलाने मला खूप मदत केली होती. प्रवेशाचा फॉर्म भरून दिला, जुन्या नोट्स दिल्या, कुठले सर कसे आहेत ते सांगितलं. परक्या गावात कुणी एवढं करतं म्हटल्यावर मी भारावून गेले होते. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तो म्हणाला, चल, गाडीवर फिरून येऊ. मला जायचं नव्हतं. मी म्हटलं, उशीर होतोय. तो म्हणाला, मी सोडतो ना. मी म्हटलं, मैत्रीण थांबलीय. तो म्हणाला, तिला निरोप देतो. मी म्हटलं, डोकं दुखतंय. तो म्हणाला, मग तर एकटी जाऊच नकोस. हे बोलताना त्याने माझ्या पिशवीचा बंद बोटांत धरला होता. ओढला नव्हता, नुसता धरला होता. आणि मी हसत होते. मला आजही त्या प्रसंगातलं सगळ्यात लख्ख काय आठवतं, तर माझं ते हसणं.

मी त्याच्या गाडीवर बसले. वाटेत त्याने रस्ता बदलला, गर्दी मागे पडली. एका वळणावर गाडी हळू झाली तशी मी उडी टाकली आणि चालत, बरीचशी पळत, परत आले. गुडघा फुटला होता. बाकी सांगण्यासारखं काही ‘घडलं’ नाही. घरी विचारलं तेव्हा पायऱ्यांवरून पडले असं सांगितलं.

त्या पायऱ्यांवरची देवाणघेवाण मी नंतर कितीदा तरी मनात उलगडून पाहिली आहे. माझं चुकलं म्हणून नव्हे. ते कसं चालतं हे कळावं म्हणून. मी दर वेळी कारण देत होते आणि तो दर वेळी ते कारण सोडवत होता. उशीर होतोय, तर सोडतो. मैत्रीण आहे, तर निरोप देतो. कारण दिलं की बोलणं कारणावर जातं, आणि ‘मला यायचं नाही’ ही एवढीच गोष्ट मागे राहते. हे आता मी भेटेल त्या मुलीला सांगते. कारण देऊ नकोस. ‘मला यायचं नाही’ म्हण. त्याने ‘का’ विचारलं तर पुन्हा तेच म्हण. चांगला माणूस असेल तर पहिल्याच वेळी ‘बरं’ म्हणेल, फार तर थोडा हिरमुसेल, आणि दुसऱ्या दिवशी तितकाच नीट वागेल. नकार ऐकून जो हुज्जत घालतो, रुसतो, ‘एवढं केलं तुझ्यासाठी’ म्हणतो, त्याने आपली ओळख स्वतःच्या तोंडाने करून दिलेली असते. सुरुवात फार बारीक गोष्टींपासून होते. नको म्हटलेला फोटो काढणं, मागितला नसताना खांद्यावर हात ठेवणं, आणि ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असं म्हणणं. या शेवटच्या वाक्याशी तर मुलीने थबकायलाच हवं.

हे सांगणं सोपं आहे, करणं फार अवघड. कारण मुलींना आपण आयुष्यभर याच्या नेमकं उलट शिकवत आलोय. समोरच्याला वाईट वाटू द्यायचं नाही. चारचौघांत आवाज चढवायचा नाही. मोठ्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नाही. अठरा वर्षं हे गिरवून घ्यायचं आणि एकोणिसाव्या वर्षी हातात स्प्रे देऊन म्हणायचं, वेळ आली तर वापर! स्प्रे वापरण्याआधी तिला उद्धट व्हावं लागतं. ओळखीच्या माणसाशी, त्याच्या तोंडावर, कदाचित आपला गैरसमज होत असेल ही शंका मनात असताना उद्धट व्हावं लागतं. बोट बटणावर दाबण्यापेक्षा ते कितीतरी कठीण आहे.

याचा पुरावा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींचे दोन गट पाडून एक अभ्यास झाला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीसारखी माहितीपत्रकं दिली. दुसऱ्या गटाला तीन-तीन तासांच्या चार सत्रांत शिकवलं. त्यात अंगाने प्रतिकार कसा करायचा हे होतंच. पण मुख्य भर होता ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखण्यावर, तो ओळखल्यावरही आपलं मन ‘असं कसं वागू’ म्हणून मागे ओढतं त्यावर मात करण्यावर, आणि स्वतःला काय हवं, काय नको, हे आधी स्वतःशी स्पष्ट करण्यावर. वर्षभरात माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, शिकवलेल्या गटात ५.२ टक्के मुलींवर. बारा तासांच्या शिकवण्याने प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आणि कागद वाटून काय होतं, तेही त्याच आकड्यांत दिसतं. तरी प्रवेशाच्या दिवशी आपण कागदच वाटतो.

कराटेच्या वर्गाला मी नावं ठेवत नाही. तिथे मुलींना स्वतःच्या अंगातली ताकद कळते, पोटातून ओरडायची सवय होते. हा ओरडण्याचा सराव तर मला लाथाबुक्क्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पण एक गोष्ट तिथे शिकवणाऱ्यांनी, आणि घरच्यांनीही, ध्यानात ठेवायला हवी. ऐन वेळी शरीर लढेलच किंवा पळेलच असं नाही. ते गोठूनही जातं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. स्वीडनमध्ये बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींना प्रसंगाच्या वेळी असं लक्षणीय गोठलेपण जाणवलं होतं. ते काही त्यांनी ठरवून केलं नव्हतं. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला हे ठाऊक असतं तर त्याने तो गिळला असता. मुलीलाही हे आधीच सांगून ठेवायला हवं. नाहीतर पुढची कित्येक वर्षं ती तोच प्रश्न स्वतःला विचारत बसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सगळं मुलींनीच का शिकायचं? गुन्हा करणारा मुलगा, आणि अभ्यास मुलीने करायचा? मला हा प्रश्न झटकून टाकायचा नाही. मुलग्यांना नकार ऐकायला शिकवणं हे घराचं आणि शाळेचं काम आहे, आणि ते कॉलेजच्या कितीतरी आधी व्हायला हवं. पण माझी भाची या वर्षी कॉलेजात गेली. सगळे मुलगे सुधारेपर्यंत तिने थांबावं असं मी म्हणू शकत नाही. पोहायला शिकवलं म्हणजे बुडाल्याचा दोष तिच्या माथी मारला असं होत नाही. फक्त आपण शिकवताना शब्द जपून वापरायला हवेत. ‘असं केलंस तर तुला काही होणार नाही’ असं कधीही म्हणू नये. तसं म्हटलं की काही झालंच तर त्याचा अर्थ ‘तू तसं केलं नसशील’ असा निघतो. कपड्यांबद्दलच्या सूचनेला माझा विरोध आहे तो याचसाठी. त्या सूचनेने कुणी वाचत नाही, नंतर तोंड मात्र बंद होतं.

आणि मुलगी एकटी नसते. तिच्याभोवती मैत्रिणी, वर्गमित्र, येणारे-जाणारे असतात. लोक नुसते बघत राहतात, असं आपण फार सहज म्हणतो. माणसं जितकी जास्त तितकी प्रत्येकाला स्वतःची जबाबदारी कमी वाटते, हे १९६८ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. पण २०१९ मध्ये तीन देशांतल्या शहरांमधल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण तपासून झालेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं: भांडण-मारामारीच्या २१९ घटनांपैकी दर दहांतल्या नऊ घटनांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. लोक येतात. त्यांना नेमकं काय करायचं ते कळावं लागतं. म्हणून गर्दीला ‘वाचवा’ म्हणण्याऐवजी एका माणसाकडे बोट दाखवून ‘निळ्या शर्टवाले काका, इथे या’ म्हणावं. आणि मैत्रिणींनी आपसांत ठरवून टाकावं, जितक्या जणी गेलो तितक्याच जणी परत येऊ. एखादी कोपऱ्यात अडकलेली दिसली, हसतेय पण मान मागे घेतेय असं दिसलं, तर मधे घुसावं आणि ‘अगं, तुला बाहेर कुणीतरी शोधतंय’ म्हणून तिला घेऊन यावं. भांडायची गरज नाही. त्या दिवशी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून किमान वीस जण गेले असतील. एकीनेही हाक मारली असती तर मी तिच्यामागे गेले असते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येते.

मी गुडघा फोडून घेतल्यावर घरी खोटं का बोलले? घरचे मारतील म्हणून नाही. माझे आईवडील मारणारे नव्हते. ते घाबरले असते आणि मला परत घेऊन गेले असते. शिक्षण थांबलं असतं, किंवा गावातल्या गावात काहीतरी सुरू झालं असतं. चूक त्याची, आणि कॉलेज माझं बंद. हा हिशोब मी गाडीवरून उडी मारल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत, पळता पळता केला होता. जवळजवळ प्रत्येक मुलगी तो करते. मी इतक्या वर्षांत ज्या मुलींशी बोलले, त्यांना अत्याचाराइतकीच भीती या दुसऱ्या गोष्टीची होती: सांगितलं की स्वातंत्र्य जाणार. हीच भीती त्रास देणाऱ्याच्या सगळ्यात जास्त कामाची असते. खाजगी फोटो दाखवून धमकावणाऱ्याच्या हातात फोटोपेक्षा जबर काय असतं? ‘तुझ्या घरी पाठवीन’ हे वाक्य. घरी आधीच ठाऊक असेल तर त्या वाक्यातला जीव जातो. अशा वेळी पैसे देऊन धमक्या थांबतात असं समजू नये. एकदा दिले की मागणी वाढते. त्याचे मेसेज जपून ठेवावेत, उत्तर देणं थांबवावं आणि कुणाला तरी सांगावं. २०२१ पासून ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवाही आहे. अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला आपला फोटो कुणाकडेही न पाठवता, नुसता त्याचा डिजिटल ठसा नोंदवून, सहभागी संकेतस्थळांवर तो पसरण्यापासून रोखता येतो. पण मध्यरात्री एकटीने रडत बसलेल्या मुलीला हे शोधायचं सुचत नाही. तिच्या शेजारी कुणीतरी बसावं लागतं.

गप्प बसण्याची किंमत कधी कधी तासांत मोजावी लागते. अत्याचारानंतर एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तीही जितकी लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळणाऱ्या तातडीच्या गोळ्या पाच दिवसांपर्यंत घेता येतात, पण दर दिवसागणिक त्यांचा उपयोग कमी होतो. वैद्यकीय तपासणीपर्यंत अंघोळ केली नाही आणि कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवले, तर पुरावा टिकतो. अंघोळ झाली असेल तरी तपासणीला जावंच. हे सगळं मुलीला आणि आईबापांना आधीच माहीत हवं. घरी काय म्हणतील या विचारात गेलेली एकेक रात्र त्या ७२ तासांतूनच वजा होते.

ते फोनमधलं अ‍ॅप मला म्हणूनच खटकतं. घरच्यांना तिचा ठिपका दिसतो, ती दिसत नाही. ती वसतिगृहात आहे एवढं समाधान मिळतं. वसतिगृहात कुणी तिचा छळ करत असेल तर ठिपका जागच्या जागीच असतो. वर एक धोका आहे. घरच्यांनी सतत ठिकाण पाहणं हेच प्रेम, असं मनात बसलं की उद्या प्रियकराने तेच मागितलं, पासवर्ड मागितला, ‘फोन का नाही उचललास’ म्हणून जाब विचारला, तर तिला त्यात काही वावगं वाटत नाही. अ‍ॅप ठेवायचं असेल तर तिच्या मर्जीने, तिला वाटेल तेव्हा बंद करता येईल असं ठेवावं.

वसतिगृहांचंही असंच आहे. मी राहायचे तिथे आठला फाटक बंद व्हायचं. उशीर झाला की वहीत नाव आणि घरी पत्र. एकदा सहलीहून येताना आमची बस बिघडली, पोचेपर्यंत साडेदहा झाले. पत्राच्या धास्तीने आम्ही दोघी फाटक न वाजवताच मागे फिरलो आणि जेमतेम ओळखीच्या एका कुटुंबाकडे रात्र काढली. माणसं भली निघाली. पण सुरक्षेसाठी केलेल्या नियमानेच त्या रात्री आम्हाला परक्या घराचं दार ठोठवायला लावलं. उशिरा येणाऱ्या मुलीला फाटक आधी उघडलं पाहिजे. विचारपूस सकाळी करता येते.

संस्थेला प्रश्न विचारायचाच असेल, तर पालकांनी भिंत किती उंच ते विचारू नये. गेल्या वर्षी लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं, ते विचारावं. ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असं अभिमानाने सांगितलं तर मला काळजी वाटते. हजारो तरुण एकत्र राहतात तिथे एकही तक्रार नाही, याचा अर्थ बहुधा तक्रार करायची सोय नाही किंवा हिंमत नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर वसतिगृहातल्या तिच्या खोलीत बलात्कार करून तिचा खून झाला. करणारा बाहेरचा नव्हता, त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आपोआप बंद होणारी दारं कुणीतरी ये-जा सोपी व्हावी म्हणून अडकवून उघडी ठेवली होती, त्यातून तो आत आला. मुलीच्या आईवडिलांनी नेटाने लढा दिला आणि १९९० साली तिथे कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी लागते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी उच्च शिक्षणसंस्थांना अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक केली आहे. त्या समितीवर कोण आहे आणि त्यांना गाठायचं कसं, हे प्रवेशाच्या दिवशी नावानिशी समजलं पाहिजे. कोपऱ्यातल्या फलकावरचा पुसट झालेला नंबर पुरत नाही.

बॅग भरून झाल्यावर त्या रात्री मी भावाला माझ्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मी त्याच्याकडून दोन गोष्टी मागितल्या. पहिली, पोरीने काहीही सांगितलं तरी तिचं कॉलेज बंद करायचं नाही, आणि हे तिला आजच, तोंडाने सांगायचं. ते त्याने तिथल्या तिथे तिला हाक मारून सांगितलं. दुसरी, तिचा फोन आला तर ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हे विचारायचं नाही. यावर तो अडला. म्हणाला, ताई, घाबरलो की तेच तोंडातून निघेल गं माझ्या. तू लिहून दे, फोन ठेवतो तिथे चिकटवतो.

मी कागदावर लिहिलं: कुठे आहेस? सोबत कुणी आहे का? मी निघालो. भाचीने तो कागद वाचला, माझ्या हातातून पेन घेतलं, शेवटचे दोन शब्द खोडले आणि खाली लिहिलं, मी येऊ का?